तिसऱ्या मजल्याचे दोन दरवाजे

१६ मार्च

निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली आणि आज पुन्हा लाल पेन खिशाला लावलं. नात बुद्धप्रिया म्हणाली, "आबा, नवरदेव दिसताय." वय एकाहत्तर, दोन्ही डोळ्यांत नवी भिंगं, आणि नवरदेव! पण खोटं कशाला बोलू, छाती जरा पुढे आली होती.

काम रेवणप्पा हत्तुरे यांच्याकडे आहे. आग लागली तर इमारतीतून माणसं कशी बाहेर पडतील याचे अहवाल ते करून देतात. जिने किती, दरवाजे किती, वाळूच्या बादल्या कुठे, अशा लांबच लांब याद्या असतात. वरच्या कार्यालयानं त्यांचे चार अहवाल "यादी समजत नाही" असा शेरा मारून परत पाठवले. कुणीतरी त्यांना सांगितलं, सोलापुरात विरामचिन्हांचा एक म्हातारा आहे, अजून जिवंत आहे.

त्यांनी एक अहवाल वाचायला दिला. सगळीकडे स्वल्पविराम, जमिनीवर चुरमुरे सांडावेत तसे. मी म्हणालो, "साहेब, तुमची चूक मजकुरात नाही, अर्धविरामात आहे. तो एकही नाही." ते हात जोडून म्हणाले, "सर, तेवढं तुमच्याकडं लागलं."

अडतीस वर्षं वर्तमानपत्रात प्रुफं वाचली. अर्धविरामासाठी माझ्यापुढे हात जोडणारा हा पहिलाच माणूस.

१८ मार्च

संगणकावर टाइप करायला झीनत मुजावर म्हणून एक बाई आहे. तिशीची असेल. हात भलता वेगवान, पण विरामचिन्हं चटणीत मीठ टाकल्यासारखी अंदाजानं. आज तिची शिकवणी घेतली.

म्हटलं, "हत्तुरेसाहेबांच्या घरचं लग्न धर. कोण कोण आलं? चंद्रव्वा, त्यांची मावशी, मल्लप्पा, मावशीचा दीर, नागप्पा, आचारी. माणसं किती?"

बोटं मोजून म्हणाली, "सहा."

"तीन. तू सहा ताटं मांडलीस." मग लिहून दाखवलं: चंद्रव्वा, त्यांची मावशी; मल्लप्पा, मावशीचा दीर; आणि नागप्पा, आचारी.

तिनं बोटानं एकेक अर्धविराम मोजला. मग म्हणाली, "म्हणजे काका, स्वल्पविराम घरातल्या घरात फिरतो, आणि अर्धविराम म्हणजे दोन घरांमधली भिंत."

इतक्या सोप्या शब्दांत मला आयुष्यात सांगता आलं नाही. वाक्य इथे उतरवून ठेवतो.

२३ मार्च

बुद्धप्रियाची जागा बदलली. स्पर्धा परीक्षेसाठी ती माढ्याहून माझ्याकडे येऊन राहिली त्याला दीड वर्ष झालं. तिचा बाप, माझा मुलगा, तिकडे साखर कारखान्यात कामाला आहे. आधीची अभ्यासिका लांब होती. आता स्टँडच्या बाजूला बिराजदार नावाच्या माणसाची लायब्ररी मिळाली. ही पोरं त्याला लायब्ररी म्हणतात. पुस्तकांचं कपाट एकच, बाकी बसायच्या खुर्च्या. तीन जिने चढून जायचं, एसी आहे, महिन्याचे पैसे कमी.

"एवढी स्वस्त कशी?" विचारलं.

"खाली रंगाचं दुकान आहे ना आबा, वास येतो. आयतचं डोकं दुखतं. मला सवय झाली." आयत तिची मैत्रीण, एकाच बाकावर बसतात. प्रियाच्या ओढणीलाही तो वास येतो. दोरीवर वाळत घातली तरी जात नाही.

मी म्हटलं, वासानं कुणी मरत नाही. आम्ही छापखान्यात शाईच्या वासात जन्म काढला.

२७ मार्च

ऊन बेचाळीसवर गेलं. ऑफिसातला पंखा गरम हवा डोक्यात ओततो.

आज इमारत क्रमांक सात. माझ्यापर्यंत पत्ते येत नाहीत. पहिलं पान, शिक्का, मालकाचं नाव, सगळं हत्तुरेसाहेबांकडे असतं. मला आतली पानं. बरंच आहे. पीरसाबनी शिकवलं तेच खरं. पीरसाब आमचे मुख्य मुद्रितशोधक, माझे उस्ताद. पहिल्याच दिवशी त्यांनी मला टपली मारली होती: "मतलब में नक्को घुस रे, हरफ पे चल!" अर्थात शिरलास की डोळा घसरतो, चूक सुटते. अक्षरावरून चालायचं, मुंगीसारखं. मरणाच्या बातम्या, बाजारभाव, पुढाऱ्यांची भाषणं, सगळी मी अशीच वाचली. काय वाचलं ते संध्याकाळी विचारलं तर सांगता येत नसे, पण चूक एक सापडणार नाही.

पान तेवीस फार देखणं जमलं. इथे उतरवतो:

तळमजला: रंगाचे दुकान, एक शटर, एक मागील दार; पहिला मजला: शिलाईचे वर्ग, दोन दरवाजे, दोन्ही बाहेर उघडणारे; दुसरा मजला: वकिलांचे कार्यालय, दोन दरवाजे, दोन्ही बाहेर उघडणारे; आणि तिसरा मजला: वाचनकक्ष, दोन दरवाजे, दोन्ही बाहेर उघडणारे.

चार मजले, तीन अर्धविराम. मजल्यावर मजला नीट बसला.

कच्च्या प्रतीत तिसऱ्या मजल्यापुढे "एक दरवाजा, दोन्ही बाहेर उघडणारे" असं होतं. एक दरवाजा आणि दोन्ही? काहीतरी एक चुकलेलं. समासात प्रश्नचिन्ह काढलं. झीनत म्हणाली, "काका, हणमंतचा मूळ कागद काढू का? ते जागेवर जाऊन लिहून आणतात." कपाट कुलूपबंद, किल्ली साहेबांकडे, साहेब जेवायला गेलेले, आणि माझी साखर जेवणाची वेळ टळली की खाली येते. म्हटलं, राहू दे. खालच्या दोन्ही मजल्यांना दोन आहेत, "दोन्ही" शब्दही आहे. "एक" ही टायपाची चूक. यादी म्हटली की एकसारखेपणा हवा.

साहेब ढेकर देत आले तेव्हा विचारलंही. ते म्हणाले, "सगळीकडं दोन असतातच की सर. तुमाला योग्य वाटतंय ते करा."

"एक" खोडून "दोन" केलं. खाली कोपऱ्यात नेहमीप्रमाणे बि. शि., तारीख. प्रूफ वाचलं की पानावर आद्याक्षरं टाकायची, ही जुनी सवय.

२८ मार्च

साहेबांनी शिक्का करून आणला. निळ्या शाईत "तपासले". माझ्या आद्याक्षरांच्या बरोबर वर तो बसतो. म्हणाले, "सर, तुमी पानापानावर सही करता हे बघून वरचे लोक लई खूश. म्हणाले, असं जबाबदार काम पाहिलं नव्हतं." सोबत अर्धा किलो पेढे.

वर्तमानपत्रात अडतीस वर्षांत माझं नाव एकदाच छापून आलं, निवृत्तीच्या दिवशी, आणि त्यातही बिभीषणचा ष चुकला होता. आता बेचाळीस पानांवर माझी अक्षरं आहेत आणि वर शिक्का. संध्याकाळी प्रियाला पेढा दिला. ती पुस्तकातून मान वर न करता "भारी" म्हणाली. तिच्या केसांनाही आता तो रंगाचा वास येतो.

२ एप्रिल

चव्वेचाळीस. दुपारी तीनदा लाइट गेली. प्रिया म्हणते, त्यांच्या लायब्ररीत एसीचा खटका सारखा पडतो आणि वायरीचा करपल्यासारखा वास येतो. जनरेटर खाली जिन्यात ठेवलाय, तो लावला की सगळी खोली थरथरते. झीनतचंही आज कामात लक्ष नव्हतं. जाताना म्हणाली, "काका, सातनंबरचा कागद मी काढून ठेवलाय. वेळ मिळेल तेव्हा बघा." म्हटलं, अगं, तो अहवाल गेला पण. गेलेल्या अंकाची प्रुफं कोण वाचतं?

झोप लागत नाही. उकाडा.

६ एप्रिल

लिहूनच झोपतो.

संध्याकाळी प्रिया धावत आली. "आबा, डोळे मिटा!" मिटले. उघडले तर मोबाइल नाकासमोर. फोटो. भिंतीवर काचेच्या चौकटीत एक कागद.

"तुमची सही! आमच्या लायब्ररीत! मी सगळ्यांना सांगितलं, हे माझे आबा. बिराजदार सर म्हणाले, आता आपल्याकडं कागद आहे, आता कुणाला भ्यायचं कारण नाही."

मोठं करून बघितलं. पान तेवीस. माझे तीन अर्धविराम, माझी बि. शि., वर निळा शिक्का.

ती पुढे बोलतच होती. चौदा तारखेला, बाबासाहेबांच्या जयंतीला, पोरं दरवर्षी अठरा तास सलग अभ्यास करतात. सकाळी सहाला बसायचं ते रात्री बाराला उठायचं. बाबासाहेब अठरा तास अभ्यास करत, म्हणून. मागच्या वर्षी विहारात केला होता. यंदा ती स्वतः पुढाकार घेतेय. विहारात मिरवणुकीची तयारी, गलका; म्हणून लायब्ररीत ठरवलं. "साठची जागा आहे, पण सव्वाशे बसतील. सर आधी नको म्हणत होते. मी म्हटलं, कागद आहे की भिंतीवर! मग तयार झाले."

मी विचारलं, "प्रिया, तिथं दरवाजे किती?"

"म्हणजे?"

"आत जायला."

"एक. का?"

७ एप्रिल

पायांनी जाऊन बघितलं. मुद्रितशोधकानं अक्षराबाहेर पाऊल टाकायचं नसतं म्हणतात, आज टाकलं.

खाली रंगाचं दुकान, थिनरचे डबे पदपथापर्यंत. जिना अरुंद, दोन माणसं एकमेकांना घासून जातील एवढा. जिन्याखाली जनरेटर. तिसऱ्या मजल्यावर काचेचा दरवाजा, आत ओढून उघडायचा. आत. मी तीनदा उघडून बघितला. खिडक्यांना गज.

तिथं साफसफाईला असलेल्या चांगुणाबाई झाडत होत्या. पन्नाशीच्या, बोलक्या. विचारलं, "बाई, दुसरं दार कुठं आहे?"

"दुसरं? हाय की आण्णा. त्या पुस्तकाच्या कपाटामागं." केरसुणीनं दाखवलं. "पर दोन वर्सं झाली, कोन उघडलंय ते? पलीकडनं लोखंडी जिना हाय, त्यात रंगवाल्यानं डबं रचल्यात, पार वरपातूर. किल्ली मालकाकडं हाय म्हनत्यात. म्या तर बगितली न्हाय."

"दोन आहेत म्हणजे," मी म्हणालो. का म्हणालो देव जाणे. माझी यादी खोटी नाही असं कुणाकडून तरी ऐकायचं होतं.

चांगुणाबाई हसल्या. "त्याला दार म्हनायचं आसंल तर म्हना की."

कोपऱ्यात प्रिया आणि आयत खाली मान घालून वाचत होत्या. माझ्याकडे लक्ष गेलं नाही. आवाज न करता उतरलो.

८ एप्रिल

झीनतनं न विचारता कागद पुढे ठेवला. हणमंतच्या अक्षरात, पेन्सिलीनं: "ति. मजला, दार एक. दुसरे कपाटामागे, कुलूप, पलीकडे डबे. धोका." धोका खाली दोन रेघा.

झीनत मागच्या अहवालाचा साचा घेते आणि त्यावर नवे आकडे बसवते. साच्यात "दोन, दोन्ही" होतं. तिनं हणमंतचं "एक" बसवलं, "दोन्ही" बदलायचं राहिलं. म्हणजे त्या सबंध पानावर एकच शब्द खरा होता. आणि मी तो खोडला.

पीरसाबनी दोन नियम शिकवले होते. अर्थात शिरू नको, हा पहिला. दुसरा, मूळ प्रत समोर नसेल तर प्रुफाला हात लावू नको. पहिला इतकी वर्षं मिरवला. दुसरा एका दुपारच्या भाकरीसाठी विसरलो.

हत्तुरेसाहेबांना सांगितलं. त्यांनी आधी पाणी दिलं, मग दार लोटून घेतलं. "सर, अहवाल मंजूर झाला. आता आपण मागं घ्यायचा म्हणजे आपणच खोटं ठरायचं. तुमी विचारलं तेव्हा तुमीच म्हणाला, एकसारखं पाहिजे. मी काय जागेवर गेलतो? पानावर सही कुणाची हाय?"

उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस, असं मनात आलं. मग आठवलं, त्याच उंटावर मागच्या बाजूला मीही बसलो होतो.

तो कागद खिशात घालून निघालो. लाल पेन टेबलावर ठेवणार होतो, ठेवलं नाही.

१० एप्रिल

अहवाल जमा होतात त्या कार्यालयात गेलो. अर्ज दोन ओळींचा लिहिला होता. इतका छोटा मजकूर मी आयुष्यात लिहिला नसेल. हणमंतचा कागद जोडला.

टेबलावरच्या माणसानं तो उलटसुलट केला. "ह्यावर सही नाही, शिक्का नाही. पेन्सिलीनं आहे." मग फाइल काढून पान तेवीस उघडलं. "हे बघा. दोन दरवाजे, दोन्ही बाहेर उघडणारे. तपासले. ही सही कुणाची?"

"माझी."

त्यानं चष्म्यावरून बघितलं. "मग आजोबा, खोटं तेव्हा बोललात की आत्ता बोलताय?"

"तेव्हा चुकलो."

"अर्ज ठेवून जा, हा कागद परत न्या. पाहणी लावू. चौदाला सुट्टी आहे, पंधरानंतर या."

बाहेर आल्यावर बिराजदारांना फोन केला. शांत ऐकून घेतलं त्यांनी. म्हणाले, "कपाट हलवायचं म्हणजे सातशे पुस्तकं उतरवायला लागतात, काका. जयंती झाल्यावर बघू. आणि कागद तुमचाच हाय की भिंतीवर."

१२ एप्रिल

प्रियाला सांगायचं ठरवलं होतं. सकाळी चहाच्या वेळी, मग जेवताना, मग ती कपडे घड्या घालत होती तेव्हा.

शेवटी म्हणालो, "चौदाला ऊन फार आहे. नका ठेवू तिथं."

"आबा, सव्वाशे नावं आलीत. पुरीभाजीची ऑर्डर दिली. आणि एसी आहे."

"एसीचा खटका पडतो म्हणालीस."

"माणूस ठेवलाय त्यासाठी." ती माझ्याजवळ येऊन बसली. "तुम्हाला बरं वाटत नाही का? दोन-तीन दिवस बघतेय."

तोंडापर्यंत आलं होतं. एक होतं गं, मी दोन केलं. एवढं तर वाक्य. पण ती सगळ्यांना सांगत फिरली आहे, हे माझे आबा. आई-बाप लांब, ही माझ्याकडे बघून शिकतेय. तिच्या नजरेतून मी उतरलो तर उरतं काय माझ्याजवळ?

"डोकं दुखतंय," म्हणालो.

भ्याडपणाला दुसरा शब्द शोधत बसलो आणि मिळाला नाही. तोच लिहितो.

१४ एप्रिल, सकाळी सात

ही वही घेऊन आलो आहे. तिसऱ्या मजल्याच्या खालच्या वळणावर पायरीवर बसलोय. प्रिया पहाटे साडेपाचला पांढरा कुडता घालून निघाली, निघताना पाया पडली. मी तिच्या मागोमाग. सहा वाजता वर सामुदायिक वंदना झाली, ती इथपर्यंत ऐकू आली. इतके आवाज एका खोलीत.

पुस्तकांच्या पिशव्या आत मावेनात म्हणून जिन्यात ठेवल्या आहेत. चपला पायरीपायरीवर. मी त्या भिंतीकडे सारून वाट मोकळी करतो, दहा मिनिटांनी नव्या येतात.

पावणेबारा

वर गेलो होतो. घडलं तसं लिहितो.

आत पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्यांमध्ये सतरंज्या, सतरंज्यांवर पोरं. चौकट दाराशेजारीच आहे. भिंतीवरून उतरवली, मागचे खिळे पेनाच्या टोकानं वाकवले, कागद बाहेर काढला. लाल पेनानं "दोन" खोडलं. समासात "एक" लिहिलं. "दोन्ही बाहेर उघडणारे" खोडून "आत उघडणारा" केलं. बि. शि., आजची तारीख. काच खाली ठेवताना आवाज झाला तेव्हा माना वर झाल्या.

मी म्हणालो, "पोरांनो, या कागदावर दोन दारं आहेत. ती खोटी आहेत. दार एकच आहे, हे. दुसरं मी बसल्या जागी लिहिलं. खाली थिनर आहे. कृपा करून उठा आणि खाली चला."

काही जणांनी रिकाम्या चौकटीकडे बघितलं. मग मागून कुणीतरी हळूच हसलं. एक मुलगा अदबीनं म्हणाला, "आजोबा, आज मौन आहे. अठरा तास." आणि माना एकेक करून खाली गेल्या. आठ दिवसांवर परीक्षा आहे त्यांची.

कुणी उठलं नाही.

फक्त आयत कपाटाकडे बघत होती.

प्रिया आली. लाल झाली होती, रागानं की लाजेनं कळलं नाही. माझा हात धरून मला बाहेर आणलं, इथे वळणापर्यंत. वर गेली आणि एक खुर्ची घेऊन आली. "बसायचंच असेल तर नीट बसा." मी बसलो. ती गेली नाही.

"एक होतं?"

"एक होतं."

"कुणी बदललं?"

"मी."

"माहीत नव्हतं तुम्हाला?"

खिशातून हणमंतचा कागद काढून दिला. "विचारता आलं असतं. मी जेवायला गेलो."

तिनं तो वाचला. धोका, त्याखालच्या दोन रेघा. घडी करून स्वतःच्या मुठीत ठेवला. मी वाट बघत होतो की ती काहीतरी बोलेल, ओरडेल. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "परवा का नाही सांगितलंत? परवा मी ऐकलं असतं." आणि वर गेली.

दुपारी दीड

वर काहीतरी चाललंय. पुस्तकं जमिनीवर ठेवल्याचे आवाज येतात, एकावर एक. मधूनच आयतचा आवाज, "इधर दे, इधर." कुणीतरी तक्रार करतंय की मौन मोडलं. सातशे पुस्तकं आहेत. त्यामागे कुलूप आहे. कुलपामागे डबे आहेत. चांगुणाबाई मालकाच्या घरी किल्ली शोधायला गेल्यात. जाताना म्हणाल्या, "गावली तर आनते आण्णा, तुमी हितनं हलू नका."

काही पोरं खाली उतरली, पंधरा-सोळा असतील. विचारलं तर म्हणाली, चहाला. त्यातली निम्मी परत वर गेली.

आत्ताच लाइट गेली. एसीची घरघर थांबली तेव्हा कळलं, ती किती मोठी होती. अंधाऱ्या जिन्यातून एक माणूस माझ्या बाजूनं घासून खाली गेला. "सरका आजोबा, जनरेटर लावायचाय." त्याला थांब म्हणालो. "पोरं उकडून मरतील की," म्हणाला.

सकाळपासून येणाऱ्या-जाणाऱ्याला नावं विचारून लिहून घेतो आहे. कुणी कुठे बसलंय हे कुठल्याच कागदावर नाही. लागलं तर कुणाला तरी ही वही सापडावी. बेचाळीस पानं तपासून जे केलं नाही ते या एका पानावर करतो. मूळ प्रत समोर आहे. एकेका माणसाला डोळ्यांनी बघून लिहिलंय, एकही अंदाजानं नाही.

तिसरा मजला, कपाटापाशी, पुस्तकं उतरवताना: बुद्धप्रिया शिवशरण, माझी नात; आयत शेख, तिची मैत्रीण; आणि सिद्धांत, मौन आहे म्हणणारा तोच; खिडकीकडच्या रांगेत: गुफरान आणि आवेज, भाऊ; अजीजा, मोहोळची; आणि पायाला प्लॅस्टर घातलेला एक मुलगा, नाव सांगितलं नाही; मधल्या सतरंज्यांवर: एकशे सहा जण, नावं मागच्या चार पानांवर; दाराजवळ, चपलांमध्ये: माढ्याहून आलेल्या तीन बहिणी, धाकटी झोपली आहे; जनरेटरपाशी, खाली, काडी ओढताना: एक माणूस, नाव विचारायचं राहिलं; आणि जिन्याच्या वळणावर, खुर्चीवर, वाट अडू नये म्हणून भिंतीला टेकून: बिभीषण शिवशरण, ज्यानं हे तपासलं.